गोरेगावचा प्रवासी

सकाळच्या गर्दीत खांदेश्वर स्थानकावर उभ्या असलेल्यांना एक हिशेब रोज करावा लागतो. पनवेलहून सुटलेली मुंबईची लोकल पुढच्याच थांब्याला इथे येते, पण तोवर तिच्या खिडक्या भरलेल्या असतात. मग सव्वा तास उभ्याने जायचे, की आधी उलट्या दिशेने पनवेल गाठून, तिथे जागा धरून, त्याच गाडीने परत खांदेश्वरवरून पुढे जायचे? नव्या पनवेलच्या आणि कामोठ्याच्या कितीतरी नोकरदारांनी वर्षानुवर्षे दुसरा मार्ग पत्करला आहे. दहा-पंधरा मिनिटे लवकर निघायचे, पण बसून जायचे.

खांदा गावच्या जुन्या खांदेश्वर महादेवाचे नाव मिळालेले हे स्थानक सिडकोच्या पद्धतीचे आहे. प्रशस्त आवार, उंच छत, जुन्या मुंबईच्या स्थानकांत न दिसणारी मोकळीक. बेलापूर-पनवेल लोकल १९९८ मध्ये सुरू झाली आणि भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या या वसाहती मुंबईशी खऱ्या अर्थाने जोडल्या गेल्या. नवी मुंबईच्या या रेल्वेमार्गांचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने.

त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीच्या रेल भवनात राज्यमंत्री म्हणून एक माणूस दाखल झाला होता. लोकलच्या दांडीला लोंबकळत नोकरीला जाणाऱ्यांची दुखणी त्याला फायलींतून समजून घ्यावी लागणार नव्हती. बेलापूर-पनवेल मार्ग त्याने आणला असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण मार्गाचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले होते. पण मुंबईच्या उपनगरी प्रवाशाच्या प्रश्नावर राजकारणाची सुरुवात करून रेल्वे मंत्रालयापर्यंत पोचलेला माणूस शोधायचा, तर राम नाईक यांच्यापाशीच थांबावे लागते.

राम दामोदर नाईक यांचा जन्म १६ एप्रिल १९३४ चा, सांगलीचा. बालपण आटपाडीत गेले. आटपाडी म्हणजे माणदेश. पावसाने कायम हुलकावणी दिलेला, आणि तरीही गदिमा, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात असे लेखक मराठीला देणारा मुलूख. घर शिक्षकाचे, आणि लहानपणापासून संघाची शाखा. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून १९५४ मध्ये बी.कॉम., मग मुंबईला येऊन कायद्याची पदवी. पोटापाण्यासाठी महालेखापालांच्या कार्यालयात कारकुनी आणि पुढे खाजगी कंपनीत हिशेबाची आणि कंपनी सचिवाची जबाबदारी. त्या काळी गावाकडून मुंबईत आलेल्या हजारो मध्यमवर्गीय तरुणांचे आयुष्य साधारण याच आखणीचे होते.

गोरेगावात राहणारा हा हिशेबनीस १९६४ मध्ये ‘गोरेगाव प्रवासी संघ’ स्थापन करतो, तिथे ही आखणी पहिल्यांदा मोडते. प्रवासी संघाचे काम दिसायला किरकोळ असते. उशिरा येणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची, बंद पंख्यांची आणि गळक्या छपरांची यादी करायची, स्टेशन मास्तरपासून महाव्यवस्थापकापर्यंत पत्रे लिहायची, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, त्यालाही उत्तर नाही तर शिष्टमंडळ. मराठीत याला नेमका शब्द आहे, पाठपुरावा. नाईक यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीची गुरुकिल्ली याच एका शब्दात आहे. भाषणाने सभा जिंकणारे नेते त्यांच्या पक्षात पुष्कळ होते. नाईक यांचे हत्यार म्हणजे तारीख घातलेले पत्र आणि त्याची जपून ठेवलेली स्थळप्रत.

१९६९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जनसंघाचे मुंबईचे संघटनमंत्री म्हणून पूर्ण वेळ कामाला वाहून घेतले. मुंबईत तेव्हा जनसंघाला विचारतो कोण? कामगार वस्त्यांत कम्युनिस्ट आणि समाजवादी, मराठी मनावर नव्याने उगवलेली शिवसेना, आणि सत्ता काँग्रेसची. खुद्द गोरेगाव तर मृणाल गोरे यांचे. ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणालताईंनी तिथे नागरी प्रश्नांवरच्या लढ्यांची परंपरा उभी केली होती आणि १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवरही गेल्या. विचारांनी दोन टोकांना असलेली ही दोन माणसे एकाच उपनगरात, पाणी आणि लोकल अशा अगदी रोजच्या प्रश्नांवर वाढली. गोरेगावच्या मतदाराने दोघांनाही आपले म्हटले, हे त्या उपनगराचे मोठेपण.

नाईक १९७८, १९८० आणि १९८५ अशा तीन निवडणुकांत बोरिवलीतून विधानसभेवर निवडून आले. १९८९ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवले, आणि १९९१, १९९६, १९९८, १९९९ अशी पुढे सलग चार वेळा ही जागा त्यांनी राखली. व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासारखा माणूस जिथून निवडून आला होता, ते हे उत्तर मुंबई. आता मात्र तिथे बोरिवलीच्या इमारतींपासून वसईच्या वाड्यांपर्यंत आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांपर्यंत मतदार पसरला होता. १९९९ मध्ये नाईक यांना पाच लाखांहून अधिक मते मिळाली. मधल्या काळात, १९९४ मध्ये, त्यांना कर्करोगाने गाठले. उपचार घेऊन ते पुन्हा संसदेत आले आणि १९९५-९६ मध्ये लोकलेखा समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. सरकारी जमाखर्चाच्या तपासणीची ही समिती, आणि अध्यक्ष मुळातला महालेखापाल कार्यालयातला कारकून.

या वर्षांत त्यांनी केलेल्या कामांची यादी पाहिली की ‘उजवा राजकारणी’ या शब्दाने त्यांचे सगळे चित्र उभे राहत नाही हे जाणवते. संसदेत ‘जनगणमन’ आणि ‘वंदे मातरम्’ गायले जावे यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि १९९२ मध्ये ती प्रथा सुरू झाली. ‘बॉम्बे’ जाऊन सर्व भाषांत ‘मुंबई’ हेच नाव यावे, यासाठीही ते झगडले. १९९५ मध्ये राज्यात युतीचे सरकार आले आणि तो बदल झाला. इथवर सारे त्यांच्या विचारांच्या राजकारणाला साजेसे आहे.

पण त्याच सुमारास त्यांनी एक खाजगी विधेयक मांडले होते, आणि त्याचा विषय होता स्तनपान. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिराती तेव्हा गुटगुटीत बाळांची चित्रे दाखवून आयांच्या मनात स्वतःच्या दुधाबद्दल शंका पेरत. अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या पावडरीने गरीब घरांतली मुले आजारी पडत. या प्रश्नावर जगभर चळवळ झाली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आचारसंहिताही केली होती. विरोधी बाकावरच्या एका खासदाराने विषय लावून धरला, सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९९२ मध्ये कायदा झाला. आज आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात दिसत नाही आणि डब्यावर बाळाचे चित्र नसते, ते या कायद्यामुळे. बहुतेक घरांना ही गोष्ट ठाऊक नाही, आणि ती ठाऊक असायला हवी.

खासदार निधीचेही तसेच. आपल्या भागातली छोटी कामे करायला खासदाराच्या हाती काही रक्कम असावी, ही मागणी लावून धरणाऱ्यांत नाईक पुढे होते. डिसेंबर १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने योजना सुरू केली. पहिल्या वर्षी प्रत्येकी पाच लाख, मग एक कोटी, दोन कोटी, आणि २०११ पासून पाच कोटी. कायदे करणाऱ्याने गटारे आणि समाजमंदिरे का बांधावीत, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. नाईक यांची घडण प्रवासी संघात झाली असल्याने त्यांना हा प्रश्न वेगळा दिसला असणार. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ‘वर कळवतो’ एवढेच सांगून परत पाठवणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

मतदारांना कामाचा हिशेब देण्याची सवयही त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. ‘विधानसभेत राम नाईक’, ‘लोकसभेत राम नाईक’ अशा नावांनी ते आपल्या कामाचा अहवाल छापून वाटत. पुढे राज्यपाल झाल्यावरही ‘राजभवन में राम नाईक’ निघतच राहिले.

मार्च १९९८ मध्ये वाजपेयी सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री झाले. मंत्री होते नितीशकुमार. ऑगस्ट १९९९ मध्ये बंगालमधल्या गैसाल इथे भीषण अपघात झाला, नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि निवडणुकीपर्यंतचे दोन महिने रेल्वेचा कारभार नाईक यांच्याकडे आला. या दीड वर्षातली मुंबईसाठी सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे जुलै १९९९ मध्ये स्थापन झालेले ‘मुंबई रेल्वे विकास महामंडळ’. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९.

हे महामंडळ कशासाठी हवे होते? मुंबईच्या लोकलचा कारभार मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेंत विभागलेला आहे. दोन्हींचे विस्तार मुंबईबाहेर शेकडो मैल पसरलेले. मालगाड्या आणि लांबच्या गाड्या यांतून पैसा मिळतो आणि लोकलच्या स्वस्त पासावर तोटा होतो. त्यामुळे दिल्लीत पैशांची वाटणी होताना लोकल कायम शेवटच्या पंगतीला बसायची. नवी मुंबईत सिडकोने खर्चाचा मोठा वाटा उचलला म्हणून मार्ग झाले, पण बोरिवलीला, विरारला, कुर्ल्याला असा वाटा उचलणारे कोण होते? राज्य आणि रेल्वे यांनी मिळून एक संस्था उभारावी, जागतिक बँकेचे कर्ज घ्यावे आणि तो पैसा फक्त मुंबईच्या लोकलवर खर्च व्हावा, हा त्यावरचा तोडगा. बोरिवली-विरार दरम्यानच्या जादा मार्गिका आणि नव्या बनावटीच्या लोकल यांचे काम पुढे याच महामंडळाने केले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये नाईक पेट्रोलियम मंत्री झाले आणि २००४ पर्यंत पूर्ण साडेचार वर्षे त्या खात्यावर राहिले. त्यांची खरी परीक्षा इथे झाली, यशाची आणि अपयशाचीही.

आधी यश. आज तिशीत असलेल्यांना ‘गॅसला नंबर लावणे’ ही काय चीज होती ते सांगावे लागेल. जोडणीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. लग्न झालेल्या मुलीने सासरी रॉकेलचा स्टोव्ह पेटवत दिवस काढायचे, तोवर माहेरच्यांनी कुणा खासदाराकडे कूपनासाठी खेटे घालायचे. नाईक मंत्री झाले तेव्हा देशाच्या प्रतीक्षायादीत एक कोटीहून अधिक नावे होती. ती यादी त्यांच्या काळात संपली. सुमारे साडेतीन कोटी नव्या जोडण्या दिल्या गेल्या. डोंगराळ भागात चौदा किलोचा बाटला पाठीवर वाहणे अवघड, म्हणून पाच किलोचा छोटा बाटला आला. आयात, बाटल्या भरण्याचे कारखाने, वितरक अशी सगळी साखळी वाढवावी लागली तेव्हा हे घडले. स्वयंपाकघरातला धूर कमी करणारे हे काम कुठल्याही मोठ्या घोषणेइतके मोलाचे आहे.

इथेनॉलची गोष्ट सांगली जिल्ह्याशीच जोडलेली. उसाच्या मळीपासून होणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. १ जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू करण्यात आले. समोर उदाहरण होते ब्राझीलचे. तेलाच्या पहिल्या मोठ्या भाववाढीनंतर १९७५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला होता. आपल्याकडे सुरुवातीलाच माशी शिंकली. ऊस कमी पिकला, मळी महागली, तेल कंपन्या आणि साखर कारखाने यांचे दरावरून जमेना. कार्यक्रम रखडला, पुन्हा उभा राहिला आणि वीस टक्क्यांचा टप्पा यायला दोन दशके लागली. आज गाडीत पेट्रोल भरताना इथेनॉलमुळे मायलेज किती कमी झाले यावर वाद घालणाऱ्यांना त्या तीन गावांतल्या चाचण्या आठवतही नसतील.

आता अपयश. २००२ च्या उन्हाळ्यानंतर पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी सत्ताधारी पक्षांच्या लोकांना, नातलगांना मिळाल्याच्या बातम्या आल्या. निवडीचे काम निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळांकडे होते, पण खाते नाईक यांचे होते आणि संसदेत रोष त्यांच्यावरच आला. पंतप्रधान वाजपेयींनी जानेवारी २००० नंतरची तीन हजारांहून अधिक वाटपे सरसकट रद्द केली. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सरसकट निर्णय मनमानी ठरवून रद्द केला, बातम्यांत आलेली ४१३ प्रकरणे मात्र चौकशीसाठी समितीकडे दिली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक निवडी गुणवत्तेवर टिकत नाहीत, असा निष्कर्ष पुढे निघाला. नाईक यांनी स्वतः लाभ घेतल्याचे कुठे सिद्ध झाले नाही. तरीही आयुष्यभर पै-पैचा हिशेब मांडलेल्या माणसाच्या कारकिर्दीवरचा हा डाग आहे आणि त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्यांनीही तो झाकू नये.

याच वर्षांत मंत्रिमंडळातही एक झगडा रंगला होता, आणि ‘उजवे’ म्हणजे नेमके काय हे समजून घ्यायला तो फार उपयोगी आहे. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन्ही सरकारी कंपन्या विकायच्या होत्या. दोन्हींची मुख्यालये मुंबईत, आणि माहुल-तुर्भ्याच्या पट्ट्यातले त्यांचे शुद्धीकरण कारखाने हार्बर लाइनच्या प्रवाशांच्या ओळखीचे. नाईक यांनी या विक्रीला उघड विरोध केला. नफ्यातल्या आणि सुरक्षेशी निगडित असलेल्या तेल कंपन्या सरकारने का सोडाव्यात, हा त्यांचा सवाल होता. जगात इतरत्र उजव्या पक्षाचा मंत्री म्हटले की तो खाजगीकरणाचा कैवारी असेच धरून चालतात. दक्षिण अमेरिकेत चिलीपासून अर्जेंटिनापर्यंत त्या विचाराने अर्धशतकाचे राजकारण घडवले आहे. आपल्याकडच्या उजव्या परंपरेत मात्र स्वदेशीचा धागा बळकट होता, आणि नाईक त्या धाग्याचे होते. शेवटी निकाल न्यायालयात लागला. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा शेल १९७६ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या, म्हणून त्यांच्या वारसदार कंपन्या संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये सांगितले.

२००४ मध्ये उत्तर मुंबईने चित्रपट अभिनेते गोविंदा यांना निवडून दिले. पाच वेळा जिंकलेले, गॅसची यादी संपवलेले नाईक हरले. २००९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि संजय निरुपम यांच्याकडून सहा हजारांहूनही कमी मतांनी पडले. त्या वेळी मनसेच्या उमेदवाराने लाखभराहून अधिक मते घेतली होती. पाठपुराव्याने कामे होतात, पण मतांचे गणित वेगळ्याच पाटीवर मांडले जाते.

या पराभवांनंतरचे त्यांचे एक काम खांदेश्वर-पनवेलच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. तारापूर अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनात त्रुटी राहिल्या. हाती कुठलेही पद नसताना नाईक त्या गावकऱ्यांसाठी उच्च न्यायालयात स्वतः उभे राहून बाजू मांडत राहिले. सिडकोसाठी जमिनी गेलेल्या इथल्या आगरी-कोळी गावांना असे भांडण काय असते ते सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात उभे राहिलेले आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण आणि त्यातून आलेला साडेबारा टक्के जमिनीचा हक्क इथल्या घराघरात आजही सांगितला जातो. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे आणि नाईक भाजपचे, वाटा सर्वस्वी वेगळ्या. पण प्रकल्पग्रस्त हा शब्द दोघांच्याही कागदपत्रांत सारखाच ठळक आहे.

जुलै २०१४ ते जुलै २०१९ या काळात ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. अखिलेश यादव सरकारशी लोकायुक्तांच्या नेमणुकीवरून त्यांचा संघर्ष झाला. ते सगळ्याच निर्णयांत पक्षातीत राहिले असे त्यांचे विरोधक मानत नाहीत. मराठी माणसाच्या दृष्टीने लक्षात राहील ती आडनावाची गोष्ट. उत्तरेत सर्रास ‘अम्बेडकर’ लिहितात. बाबासाहेबांची संविधानावरची हिंदी सही ‘भीमराव रामजी आंबेडकर’ अशी आहे, हे दाखवून नाईक यांनी पत्रे लिहिली, आणि मार्च २०१८ मध्ये सरकारी नोंदींत तसा बदल करण्याचा आदेश निघाला. मधल्या ‘रामजी’वरून राजकीय गदारोळ झाला. महाराष्ट्रात वडिलांचे नाव मधे लिहायची रीत आहे, हे तिथे समजावून सांगावे लागले.

त्यांच्या आठवणींचे पुस्तक ‘चरैवेति! चरैवेति!!’ २०१६ मध्ये मराठीत आले आणि पुढे अनेक भाषांत गेले. जानेवारी २०२४ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

खांदेश्वरच्या पुढचे स्थानक पनवेल. तिथून कर्जतकडे लोकलसाठी दुहेरी मार्ग टाकण्याचे काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या त्याच मुंबई रेल्वे विकास महामंडळाने हाती घेतले. वावर्ल्याच्या डोंगरातून त्यासाठी अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला आहे. चौक, मोहोपे, चिखले या गावांतली माणसे आजवर एसटीने किंवा टमटमने पनवेल गाठत आली. या मार्गावर लोकल धावू लागली की त्यांचाही सकाळचा हिशेब खिडकीपासून सुरू होईल.